आतल्या बाजूचे काम

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याविषयी इतरांच्या मनात निश्चित कल्पना असतात. माझ्याविषयी त्या अशा होत्या की मी आता थोडे वाचन करीन, सकाळी फिरायला जाईन आणि दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात वर्गणीचा हिशेब पाहीन. हे सारे मी काही काळ केलेही. पण एका मार्गशीर्षात, मयूर विहारातल्या आमच्या तळमजल्याच्या घरामागे जे लहानसे अंगण आहे, तिथे वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली अण्णांची राजदूत मोटारसायकल मी उजेडात ओढली आणि तिचे इंजिन स्वतःच्या हाताने उघडायचे ठरवले. त्यापूर्वी मी आयुष्यात सायकलचे पंक्चरही काढलेले नव्हते.

या लेखात त्या कामाची हकीकत येईल. परंतु यंत्रविद्या शिकवण्याचा अधिकार मला नाही. ते काम करताना एक जुनाच प्रश्न माझ्यापुढे नव्याने उभा राहिला, त्याच्याविषयी मला लिहायचे आहे. जे काम पुरे होताच झाकले जाणार आहे, ज्याच्यावर पुन्हा कोणाची नजर पडण्याचा फारसा संभव नाही, ते नीट करण्याचे बंधन माणसावर कोठून येते? देवाच्या भयातून, असे पूर्वी सांगत. कराराच्या कलमातून, असे आता सांगतात. अंगणात सतरंजीवर एकट्याने बसून पाना फिरवणाऱ्या माणसाला या दोन्ही उत्तरांचा आधार वाटत नाही.

राजदूत ही याच परिसराची लेक. लाहोरात १९४४ साली सुरू झालेला एस्कॉर्ट्स हा उद्योग फाळणीनंतर दिल्लीकडे आला आणि पुढे फरीदाबादेत त्याचे कारखाने उभे राहिले. पोलंडमधल्या कील्त्से शहरात तयार होणाऱ्या एसएचएल एम-११ या गाडीचा नमुना घेऊन १९६०च्या दशकाच्या आरंभी तिथे राजदूत तयार होऊ लागली. एकच सिलिंडर, १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि तीन गिअर, एवढाच तिचा संसार. वेगाचा डौल तिच्याकडे कधीच नव्हता. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकावून पहाटे गावातून शहराकडे जाणारा गवळी हे उत्तरेतल्या लोकांच्या मनातले तिचे चित्र. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूरच्या हाती तिचीच एक ठेंगणी बहीण आली आणि थोड्या काळापुरते राजदूतला तारुण्य लाभले. अण्णांनी आमची गाडी त्याआधी, १९७२ साली, कार्यालयाकडून कर्ज काढून घेतली होती. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरसमोर ती उभी असे. खंडेनवमीला आई तिला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालीत असे आणि शेजारचे पंजाबी कुटुंब कौतुकाने बघायला येई. २००३ मध्ये अण्णा गेले. त्याच्या पाचएक वर्षे आधीच गाडी बंद पडलेली होती.

टू-स्ट्रोक इंजिन उघडणे सोपे आहे असे सगळे सांगतात, आणि ते खरेही आहे. झडपा नाहीत, कॅम नाही, हलणारे भाग मोजके. अवघड आहे ते बंद करणे. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी खालच्या पोकळीत, क्रँककेसमध्ये, ओढले जाते. पिस्टन खाली येताना ते तिथे दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरात चढते. याचा अर्थ असा की खालची पेटी केवळ पेटी नसून तोही एक पंपच आहे. ऑइल सील झिजले, पॅकिंग कुठे कच्चे राहिले, की त्या फटीतून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टन प्रमाणाबाहेर तापतो आणि एखाद्या दुपारी भर रस्त्यात सिलिंडरला धरून बसतो. इंजिन असे आवळले की मागचे चाकही थांबते. स्वाराने क्षणात क्लच दाबला नाही तर तो रस्त्यावर. बाहेरून पाहणाऱ्याला त्या फटीचा मागमूसही नसतो.

माझा गुरू करोलबागेतला एक वयस्क मिस्त्री. त्याच्या दुकानात मी सुटे भाग आणायला जाई आणि तासभर स्टुलावर बसून येई. मी सगळे काम स्वतः केले असा आव मी आणणार नाही. क्रँकची दोन अर्धी सोडवून नवा कनेक्टिंग रॉड बसवणे, ती पुन्हा प्रेसवर दाबून डायल गेजखाली सरळ करणे, सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाच्या पिस्टनजोगा करणे, ही कामे लेथवाल्याची. ती मी त्याच्याकडेच सोपवली. बाकीचे, म्हणजे उतरवणे, धुणे, खरवडणे, मापणे, जुळवणे, मी केले. नव्या रिंगा सिलिंडरात सरकवून त्यांच्या दोन टोकांतले अंतर फीलर गेजने मोजताना पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. ते अंतर साधारण पाव मिलिमीटर असते. आयुष्यभर ज्या माणसाने शब्दांच्या फटींत अर्थ कोंबला, त्याला पाव मिलिमीटर ही काय चीज आहे हे कळायला दोन संध्याकाळी लागल्या.

क्रँककेसची दोन अर्धी वेगळी केली तेव्हा एका बाजूचे बेअरिंग हाताच्या जोराने सुटून आले. तसे ते येता कामा नये. धातू तापवल्याशिवाय ते हलू नये अशी त्याची बैठक हवी. मी ते बाहेर काढले, तर बेअरिंग आणि त्याची खोबण यांच्यामध्ये मऊ पत्र्याची एक अरुंद पट्टी गुंडाळलेली होती. पुसल्यावर तिच्या एका कडेला लाल रंगाचा पुसट अंश दिसला. ती टूथपेस्टच्या ट्यूबची पट्टी होती. त्या काळात ट्यूबा ॲल्युमिनियमच्या असत. खोबणीच्या भिंतीवर पंचने ठोकलेले बारीक ठिपकेही होते. झिजलेली खोबण बेअरिंगला कशीबशी धरून राहावी म्हणून मिस्त्री मंडळी करतात ती युक्ती. म्हणजे एकदा ठिपके मारून भागवले होते, आणि ते पुरले नाहीत तेव्हा पट्टी आली होती.

मी ती पट्टी तळहातावर घेऊन बराच वेळ बसलो. अण्णांचे एक वाक्य घरात म्हणीसारखे झाले होते: ‘गाडीचे काम मी समोर उभा राहून करून घेतो.’ मग ही पट्टी त्यांच्या समोर बसवली गेली की त्यांची पाठ वळल्यावर? दुसरीही एक शक्यता होती आणि ती मला अधिक अस्वस्थ करीत होती. अण्णा ट्यूब संपल्यावर ती लाटण्याने दाबून आणखी दोन दिवस चालवीत, मग कापून उघडीत आणि तिचा पत्रा कशासाठी तरी जपून ठेवीत. ही ट्यूब आमच्याच न्हाणीघरातली असू शकत होती. कारखान्याचा नवा भाग घेण्याइतके पैसे त्या महिन्यात नसतील. आम्हा दोघा भावंडांच्या फिया भरायच्या असतील. आणि मिस्त्रीने विचारले असेल, ‘बाबूजी, घरी पातळ पत्रा आहे का?’

हे लिहिताना एका गाजलेल्या पुस्तकाची आठवण अपरिहार्य आहे. रॉबर्ट पर्सिग याचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. (पर्सिग तरुणपणी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकायला आला होता, हिरोशिमावर पडलेला बॉम्बही मायाच काय, असे त्याने वर्गात विचारले, होकारार्थी उत्तर मिळाले आणि त्याने वर्ग सोडला, असे त्या पुस्तकात आहे. यंत्राकडे तो इतक्या गंभीरपणे का वळला याचे एक कारण मला तिथे दिसते.) त्या पुस्तकात मित्राच्या महागड्या जर्मन मोटारसायकलचे हँडल सैल होते आणि निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून घालण्याचे सुचवतो. पत्रा मऊ आहे, गंजत नाही, कामाला अगदी योग्य आहे. मित्राला तो अपमान वाटतो. त्याला दिसतो बिअरचा डबा. निवेदकाला दिसतो धातूचा गुण. पुढे निवेदक गमतीने म्हणतो की आपण ही पट्टी एखाद्या थोर जर्मन पोलाद कारखान्यातून आली आहे असे सांगितले असते तर मित्राने ती आनंदाने बसवून घेतली असती.

पहिल्या भागाशी मी सहमत आहे. जुगाड या शब्दाचा अलीकडे व्यवस्थापनशास्त्रवाल्यांनी जो गौरव चालवला आहे तो मला फारसा रुचत नाही, पण गरिबीच्या हाताला जी बुद्धी असते तिला तुच्छ लेखणे हा त्याहून मोठा उथळपणा होय. ती पट्टी कित्येक वर्षे चालली. तिच्या जोरावर अण्णा कार्यालयात गेले, आम्ही नूतन मराठीत परीक्षेला वेळेवर पोचलो, आईला एकदा मध्यरात्री इस्पितळात नेले. अशा पट्टीला फसवणूक म्हणायला जीभ धजत नाही. माझी अडचण पर्सिगच्या गमतीपाशी सुरू होते. पट्टी बसवताना जर मालकाला सांगितले असेल की खोबण झिजली आहे, हा तात्पुरता इलाज आहे, तीन-चार हजार किलोमीटरनंतर पुन्हा उघडावी लागेल, तर ती दुरुस्ती. न सांगता बसवली असेल आणि बिलात नव्या भागाचे नाव लिहिले असेल, तर तीच पट्टी, त्याच जागी, तितकीच कार्यक्षम असूनही, लबाडी. धातूत काडीचाही फरक नाही. फरक दोन माणसांमध्ये जे बोलले गेले किंवा गेले नाही त्यात आहे. म्हणून त्या पट्टीकडे कितीही वेळ पाहिले तरी ती कोणत्या जातीची आहे हे मला कळणार नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते दोघेही आता नाहीत.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात छत्तीस वर्षे होतो. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. सरकारी कामात ‘आतली बाजू’ नसते असे कोणी समजू नये. तिथे बहुतेक आतलीच बाजू असते. फाइल खालून येते, वर जाते, प्रत्येकजण आधीच्या टिपणीखाली सही करतो, आणि शेवटी जबाबदारी इतक्या सह्यांत वाटली जाते की कोणाच्याच वाट्याला खरवडण्याइतकीही उरत नाही. एकदा एका प्रस्तावात वेतनश्रेणीचा आकडा चुकीच्या स्तंभात गेला आहे हे मला दिसले. खालच्याने पाहिलेले नव्हते, वरच्याला घाई होती. परत पाठवली तर पंधरा दिवस गेले असते. वर कोणीतरी पाहील असे म्हणून मी सही केली. कोणीही पाहिले नाही. काही निवृत्त कनिष्ठ कर्मचाऱ्यांचे पैसे त्यामुळे आठ महिने अडकले. त्यांपैकी एकजण चौकशीला यायचा, दाराशी उभा राहायचा आणि मला नमस्कार करून जायचा, कारण मी त्याला चहा विचारीत असे. चूक कोणाची, हे त्याला कधीच कळले नाही. मला त्याबद्दल ना शिक्षा झाली ना ठपका आला. इंजिन उघडेपर्यंत मी ते जवळजवळ विसरलो होतो.

आपल्या समाजात हातांनी काम करणारे आणि हातांनी सही करणारे यांच्यामध्ये जी भिंत आहे तिची चर्चा पुष्कळ झाली आहे. लोहार-सुतारांना गावगाड्यात बलुते मिळे, मान मिळत नसे. लिहिणाऱ्याला मान मिळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले आणि पुढे मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून पूर्णवेळ त्यात उतरले, तेव्हा त्यांच्या पांढरपेशा आप्तांना काय वाटले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. पण या भिंतीची एक बाजू आपण कमी पाहतो. कारागिराला त्याच्या कामाचे उत्तर कामातूनच मिळते. नांगराचा फाळ कच्चा असेल तर शेतकरी तो परत आणून पुढ्यात टाकतो. लिहिणाऱ्याला असे उत्तर क्वचित मिळते. चुकीची टिपणी कोणी परत आणून पुढ्यात टाकत नाही. म्हणून सचोटीची कसोटी खरी तर लिहिणाऱ्याचीच अधिक कडक हवी होती. झाले उलटे, आणि मिस्त्री तेवढा बेभरवशाचा ठरला. असो.

खोबणीचा निकाल लागणे भाग होते. करोलबागेत दुसऱ्या राजदूतच्या क्रँककेसचे अर्धे मिळत होते, स्वस्तही होते. परंतु इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवरच ठोकलेला असतो, आणि तो नोंदणीपुस्तकातल्या क्रमांकाशी जुळावा लागतो. ‘नंबर की चिंता मत करो,’ असे एका दुकानदाराने हलक्या आवाजात सांगितले. म्हणजे काय ते मला समजले. जुना आकडा घासून नवा ठोकणारेही याच गल्ल्यांत भेटतात. शेवटी लेथवाल्याने झिजलेली खोबण मोठी करून तिच्यात धातूचे कडे बसवले आणि ते बेअरिंगच्या मापाचे कापून दिले. पट्टीची गरज संपली. ती मी पाकिटात घालून ठेवली.

त्यानंतरची चूक सर्वस्वी माझी. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी जी पिन असते, ती दोन्ही बाजूंनी बाहेर सरकू नये म्हणून पिस्टनच्या खाचांत तारेच्या दोन लहान रिंगा, सर्क्लिप, बसवतात. जुन्या पुन्हा वापरायच्या नाहीत, हा या धंद्यातला पहिला पाठ. एकदा पिळून काढली की तिचा ताण गेलेला असतो. एखादी सुटली तर पिन सरकते आणि सिलिंडरच्या भिंतीवर खोल चरा पाडते. मिस्त्रीने मला हे तीनदा सांगितले होते. रविवारी संध्याकाळी बसवताना नव्या दोनपैकी एक पक्कडीतून उडाली. अंगण झाडून काढले, तुळशीच्या कुंडीतली माती उपसली, सापडली नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार. करोलबागचा बाजार बंद. जुन्या दोघी समोर वाटीत पडल्या होत्या. त्यातली बरी दिसणारी मी उचलली, बोटाने दाबून पाहिली, घट्ट वाटली, आणि बसवली. त्यावर सिलिंडर चढवला, हेड घट्ट केले. मंगळवारी मिस्त्रीला सांगितले तेव्हा तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘चल जाएगा.’ मला तेच ऐकायचे होते, त्यामुळे त्याच्या स्वरातली निराशा मी ऐकली नाही असे ठरवले.

गाडी सुरू झाली. सातव्या किकला एक फटका, नवव्याला दोन, आणि मग तो पोकळ, घुमणारा, थांबत थांबत येणारा आवाज. पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली. तिने तो आवाज लग्नानंतरची पहिली दहा-बारा वर्षे रोज संध्याकाळी ऐकला होता. दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही.

त्या रात्री नाशिकहून भाच्याचा फोन आला. त्याला आवाज ऐकवला. तो हरखून म्हणाला, ‘मामा, ही गाडी मला द्या. मी सांभाळीन. आजोबांच्या मागे बसलेलो मी अजून विसरलो नाही.’ मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि ती सर्क्लिप आठवली.

येथे मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या प्रश्नाचे जे काही उत्तर मला मिळाले ते याच ठिकाणी मिळाले. गाडी माझ्याकडे राहणार होती तोवर ती जुनी तार ही माझी खाजगी बाब आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती. फार तर माझे इंजिन बिघडेल. भाच्याने हो म्हणवून घेताच तीच तार कसारा घाटात पोचली. धातू तोच, जागा तीच, आणि तिचा नैतिक अर्थ एका फोनने बदलला. पण हा तरी तर्क किती खरा? काम करताना ते पुढे कोणाच्या हाती जाईल हे कुणाला ठाऊक असते? वेतनश्रेणीचा तो आकडा माझ्या टेबलावर नुसता आकडा होता. त्याला दारात उभे राहणारे शरीर पुढे मिळाले. झाकलेल्या कामाला मालक असतोच, फक्त काम झाकताना तो खोलीत नसतो. देवाचे भय बाजूला ठेवले आणि करारही बाजूला ठेवला तरी हा अनुपस्थित माणूस उरतो, आणि तो विचारायला येणार नाही या भरवशावरच आपण सही करीत असतो.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो मी स्वतःच घेतला. ही तार कदाचित वीस वर्षे टिकली असती. पट्टी नाही का टिकली? मग सगळे पुन्हा उघडण्यात निव्वळ मनाचे समाधान, म्हणजे एक प्रकारची चैनच, नाही काय? हातावर पोट असलेला मिस्त्री अशी चैन करू लागला तर त्याचे घर चालणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच मिस्त्रीच्या ‘चल जाएगा’ला मी नावे ठेवणार नाही, त्याच्या दिवसाचे तास त्याला विकावे लागतात. माझे तास फुकट होते. ज्याला परवडते त्याने केले नाही तर त्याला कोणती सबब उरते?

बुधवारी नवी सर्क्लिप आणि नवे पॅकिंग आणले. हेड उतरवले, सिलिंडर वर उचलला, पिन काढली. जुनी तार काढून पाहिली तर ती व्यवस्थित होती. निदान मला तरी तिच्यात काही दोष दिसला नाही. कुठेतरी ती वाकडी झालेली, सुटायला आलेली असावी आणि माझे श्रम सार्थकी लागावेत, अशी माझी सुप्त इच्छा होती हे कबूल करायला हवे.

आता कायद्याकडे वळतो, कारण तोही तत्त्वज्ञानात शिरला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यावर मज्जाव केला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरासाठी तशीच बंदी उचलून धरली. पुढे या नियमांत कमीजास्त होत राहिले. दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. मात्र ती मूळ स्वरूपात हवी. सांगाडा किंवा इंजिन यांत बदल होईल अशी मोठी उलथापालथ झालेली नसावी. आमची गाडी वयाने पात्र आहे. पण नवा पिस्टन, मोठा केलेला सिलिंडर, नवा कनेक्टिंग रॉड आणि खोबणीत बसवलेले कडे यांनंतर ती ‘मूळ’ राहिली काय?

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद प्रसिद्ध आहे. रथ म्हणजे आस की चाके की जू, असे नागसेन विचारीत जातो आणि राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची तीच अडचण सांगितली आहे. पुरीला जगन्नाथाचे नवकलेवर होते, अलीकडचे २०१५ मध्ये झाले. लाकूड सारे नवे, देव तोच. आपल्याकडेही झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप करतात आणि वारकऱ्याला विठ्ठल बदललेला वाटत नाही. या सगळ्या उदाहरणांत मला एक गोष्ट समान दिसते: काय बदलले हे उघडपणे, विधीने, लोकांच्या देखत सांगितलेले असते. घासून ठोकलेल्या क्रमांकात कदाचित मूळ धातू अधिक असेल, तरी ती गाडी खोटी, कारण तिने आपला वृत्तान्त खोडून टाकला आहे. वस्तू तीच राहते की नाही याचा निर्णय धातूच्या टक्केवारीवर करू गेल्यास नागसेन आपल्याला हरवणारच. तिच्यावर झालेले बदल खरेपणाने सांगता येतात काय, एवढे मात्र तपासता येते. परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर हा युक्तिवाद टिकेल असा माझा दावा नाही.

आणि धूर? त्याविषयी गप्प राहिलो तर वर लिहिलेल्या साऱ्यावर बोळा फिरेल. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम नवे मिश्रणच करते, आणि ते करताना त्यातले काही न जळता तसेच निसटते. सोबत वंगणाचे तेल जळते ते वेगळेच. इंजिन कितीही काळजीने बांधले तरी हे थांबत नाही. खोट कारागिरीत नाही, रचनेत आहे, आणि माझ्या फीलर गेजची पोच तिथपर्यंत नाही. दिल्लीत १९९८ च्या न्यायालयीन आदेशानंतर बसगाड्या सीएनजीवर गेल्या, टू-स्ट्रोक रिक्षा गेल्या. तरी हिवाळ्यात या शहराचे आकाश अजून राखाडी होते. मी गाडी सुरू केली त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या वरच्या मजल्यावरच्या वृद्ध बाईंनी खिडकी ओढून घेतली. त्यांना दमा आहे. त्या काही बोलल्या नाहीत. मी इंजिन बंद केले, आणि थंडी संपेपर्यंत पुन्हा किक मारली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक काम आतून-बाहेरून नीट केले, आणि त्या कामाचे फळ खिडकीआडच्या त्या बाईंच्या छातीत जात होते. तो अनुपस्थित माणूस फक्त गाडीवर बसणाराच असतो असे मी का धरून चाललो होतो, कोण जाणे.

भाच्याला मी हेही कळवले आहे. दिल्लीबाहेर न्यायची तर ना-हरकत दाखला काढावा लागेल, नाशिकला नोंदणीची खटपट करावी लागेल, आणि इतके करून इथला धूर तिथे पाठवण्यात काय न्याय आहे याचा विचारही करावा लागेल. तो म्हणतो, वर्षातून चार वेळा, दसऱ्याला आणि अशाच निमित्तांनी, मळ्यातल्या रस्त्यावर काढीन. मी अजून होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. दरम्यान मी दोन पाने लिहून गाडीच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली आहेत. कोणता भाग नवा, कोणता जुना, सिलिंडर किती वाढवला, कडे कोणत्या बाजूला बसवले, कोणते ऑइल सील मी स्वतः ठोकले आणि त्यात थोडे तिरके गेले असण्याची शंका का वाटते, हे सगळे त्यात तारखांसह आहे. सर्क्लिपची हकीकतही आहे. सोबत पाकिटात ती ट्यूबची पट्टी ठेवली आहे, आणि पाकिटावर ‘कोणी बसवली व सांगून की न सांगता, ठाऊक नाही’ असे लिहिले आहे.